नव्वद मिलिसेकंद

‘कापूस’ हा शब्द बोलून झाला की तोंडातली हवा लगेच थांबत नाही. ‘स’ची एक बारीक शेपटी मागे उरते. ती मी मोजली आहे, साधारण नव्वद मिलिसेकंद. तिचा शेवट पंख्याच्या घरघरीसारखाच दिसतो, म्हणून आवाज स्वच्छ करणारे बहुतेक प्रोग्रॅम पंख्याबरोबर तीही कापतात आणि ऐकणाऱ्याला ‘कापू’ ऐकू येतं.

‘निवळ’ तसं करत नाही. रेकॉर्डिंगमधून तो पंखा, कूलर, मोटरपंप काढतो आणि ‘स’ राहू देतो. बोलणं थांबलं की तो नव्वद मिलिसेकंद वाट पाहतो, मगच दार लावतो.

निवळ मी लिहिला, पण ही वाट पाहणं माझं नाही. ते अकोल्याच्या जठारपेठेतल्या खुशालराव गावंडे यांचं. चाळीस वर्षं त्यांनी ॲम्प्लिफायर दुरुस्त केले आणि साठीनंतर सुनेकडून प्रोग्रॅमिंग शिकले. सात वर्षांपूर्वी त्यांचा पहिला ईमेल आला: ‘मॅडम, तुमचा प्रोग्राम स खाऊन राहिला.’ खाली सतरा ओळींची दुरुस्ती होती. ती बरोबर होती.

मी अमरावतीला एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. दर वर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत, उन्हाळ्यात काहीच नाही. अशी तेरा वर्षं झाली. निवळ मी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला होता, ओपन सोर्स म्हणतात तसा. कोणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. अट एकच होती, बदललेलाही खुलाच ठेवायचा.

खुशालराव दुरुस्त्या ईमेलने पाठवत आणि मी त्या निवळमध्ये चढवत असे. प्रत्येक दुरुस्तीला लेखकाचं नाव लागतं. दुसरं नाव दिलं नाही तर कॉम्प्युटर माझंच टाकतो. पहिल्या वेळी मी विसरले. दुसऱ्या वेळी आठवलं होतं, पण पहिली तशीच आहे तर दोन्ही एकदमच नीट करू, असं म्हटलं. पुढच्या एकतीस वेळा काहीच म्हटलं नाही. फक्त प्रोग्रॅममधल्या त्या नव्वद मिलिसेकंदांच्या ओळीवर मी एक टीप लिहिली होती: ‘हा वेळ खुशालरावांच्या कानाने ठरवला आहे.’

गेल्या महिन्यात कानाची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीतून शेखर नावाच्या अधिकाऱ्याचा फोन आला. त्यांना निवळ हवा होता, पण पुढे फक्त त्यांचा, कुलूपबंद. बदल्यात मला कायमची नोकरी, तीही अमरावतीतूनच.

‘‘खुला ठेवायची अट बदलायची तर सगळ्या लेखकांची सही लागेल,’’ तो म्हणाला. ‘‘यात आणखी कोणाचं काम आहे का, मॅडम?’’

खुशालरावांना मी पूर्वी एकदा सहज विचारलं होतं, निवळ कोणी विकत मागितला तर? ते हसले होते. ‘‘पानपोईले कोनी कुलूप लावते काय, मॅडम?’’

ते मला आठवलं. ‘‘नाही,’’ मी शेखरला म्हणाले. ‘‘सगळं माझंच आहे.’’ फोन ठेवल्यावर मी ती टीप पुसली आणि नवी आवृत्ती चढवली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

करारावर सही सोमवारी व्हायची होती. रविवारी सकाळी मी अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत मनात कबुलीचं वाक्य तयार झालं होतं. अकोल्याला उतरले तेव्हा ते लहान झालं होतं आणि त्यातून ‘मी’ गळला होता.

खुशालराव पुढच्या खोलीत एक जुना ॲम्प्लिफायर उघडून बसले होते. नोकरीचं तेवढं मी त्यांना फोनवर सांगितलं होतं.

‘‘या, या! आता तुमच्याशी बोलाचं तं अपॉइंटमेंट घ्या लागते का?’’

त्यांची सून दामिनी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. ती चहा घेऊन आली. ‘‘ताई, बाबा साऱ्या गल्लीले सांगून राहिले, आमची मॅडम परमनंट झाली म्हणून.’’

‘‘मंग? तुया शाळेत झालं काय कोनी?’’

‘‘माझं राहू द्या.’’ ती माझ्याकडे वळली. ‘‘ताई, एक विचारू? नववीच्या पोरींले मी बाबांचं नाव दाखवत होती. ती कानाची ओळ. नवीन निवळ उतरवला त्यात ती नाही. जुन्यात आहे.’’

मी चहाकडे पाहिलं. साय धरत होती.

‘‘साफसफाईत गेली असन वं,’’ खुशालराव म्हणाले. ‘‘मॅडमले कामं का कमी हायेत?’’

‘‘बाबा, एकच ओळ गेली. बाकी साऱ्या तिथंच आहेत.’’

‘‘तू का पोलीस हायेस? चहा घ्या मॅडम, थंडा होऊन राहिला.’’

मला आता फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. साफसफाईत गेली, पुन्हा टाकते. मी तोंडही उघडलं. तेव्हा दिसलं की त्यांच्या हातातला पेचकस कुठल्याच स्क्रूवर नाही. ते माझ्याकडे बघत नव्हते. आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या माणसाला माझं गप्प बसणं पुरलं होतं.

‘‘गेली नाही,’’ मी म्हणाले. ‘‘मी पुसली.’’

मग बाकीचंही सांगितलं. कंपनीने काय विचारलं, मी काय म्हणाले, तेहतीस दुरुस्त्यांवर कोणाचं नाव आहे. सांगताना मी आकडे अगदी बरोबर देत होते, आणि त्याचीही मला लाज वाटली.

‘‘कावून पण, ताई?’’ दामिनीने विचारलं.

‘‘नोकरीसाठी.’’

खुशालरावांनी पेचकस खाली ठेवला. ‘‘मले इचारलं नाही?’’

‘‘तुम्ही नाही म्हणाला असता.’’

‘‘म्हनलोच असतो.’’ त्यांनी ॲम्प्लिफायर बाजूला सारला. ‘‘पन इचाराचं तं होतं. सात वर्षं झाली, मॅडम. मी का परका होतो?’’

दामिनी कप न उचलताच आत गेली.

‘‘जाऊ द्या,’’ ते शेवटी म्हणाले. आवाज अगदी साधा होता. ‘‘तेरा वर्षं घासली तुमी. करा उद्या सही. मी कोनाले सांगत नाही, अन् थे पोरगीही सांगत नाही.’’

ते रागावले असते तर मी कदाचित रडून, माफी मागून, संध्याकाळच्या बसने घरी गेले असते आणि सही केली असती. मी पर्समधून फोन काढला. रविवार असूनही शेखरने दुसऱ्याच रिंगला उचलला.

‘‘बोला, मॅडम. उद्याची तयारी?’’

‘‘मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं,’’ मी म्हणाले. ‘‘निवळ माझा एकटीचा नाही. त्यातल्या तेहतीस दुरुस्त्या खुशालराव गावंडे यांच्या आहेत, जठारपेठ, अकोला. त्यांना तो खुलाच ठेवायचा आहे. म्हणून उद्या मी सही करणार नाही.’’