दारापासून सुईपर्यंत

जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक रुग्णालय आहे. नाव विचारू नका; कळलं तर सत्कार करायला माणसं धावतील, आणि तिथे सत्कार आधीच पुष्कळ झालेत. तिथले मोठे डॉक्टर म्हणजे उमेश सर. त्यांना संशोधनाचा ध्यास लागला होता. ध्यास वाईट नव्हे. सरांनी मोबाईलवर एक ताजा लेख वाचला: साप चावलेला माणूस दवाखान्याच्या दारातून आत आल्यापासून लस शिरेत जाईपर्यंत जितकी कमी मिनिटं, तितकी माणसं जास्त वाचतात. आता शहाण्या माणसाने यावरून एवढंच शिकायचं, की हात जरा लवकर चालवावेत. सरांनी दारावर परातीएवढं घड्याळ लावलं आणि स्वतःचा अभ्यास सुरू केला.

वावर गावाच्या पलीकडच्या पाड्यांवरून माणूस झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणायला दोन तास लागतात, आणि जीप मिळेपर्यंत आणखी एक. ते तास सरांच्या अभ्यासात नव्हते. त्यांच्यासाठी रकानाच नव्हता.

अभ्यासाचं रजिस्टर रोहिणी सिस्टरकडे होतं. ती जामसरची, भातशेती करणाऱ्या घरातली, इथे कंत्राटावर लागलेली. सुरुवातीला तिच्या रजिस्टरात सतरा मिनिटं यायची, कधी वीस. लस येते भुकटीच्या रूपात. दहा कुप्या विरघळवून सलाइनमध्ये घालायच्या तर वेळ लागणारच. मग एकदा गौराबाई नावाच्या म्हातारीला तिच्या माणसांनी केसपेपर काढेपर्यंत बाहेर पडवीतल्या बाकावर बसवलं. तोवर रोहिणीने लस तयार ठेवली. म्हातारी आत आली आणि चार मिनिटांत सुई लागली. सर रजिस्टरकडे बघतच राहिले.

"हे कसं जमवलंत, सिस्टर?"

रोहिणीने भोळेपणाने सांगितलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून तोच नियम. लस तयार होईपर्यंत पेशंट पडवीत, आणि दारात पहारेकरी पुंजा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! सरासरी चारवर आली. रोहिणीचा फोटो फलकावर लागला, आणि खोटं कशाला बोला, तिलाही तो आवडला. बघायला तिने जामसरहून आईला आणलं होतं. बाकावर बसलेली माणसं रोहिणीला दिसत नव्हती असं नाही. पण दहा मिनिटांनी काय बिघडतंय, असं तीही स्वतःला सांगायची.

ऑगस्टात मुंबईहून एक मोठ्या मॅडम आल्या. सरांचा निबंध परिषदेत वाचायच्या लायकीचा आहे का, हे त्या ठरवणार होत्या. एक्केचाळीस रुग्ण, सरासरी चार मिनिटं, मृत्यू शून्य. सकाळचे अकरा वाजत आले होते. सरांच्या केबिनमध्ये चहा चालला होता, आणि बाहेर जीप येऊन थांबली.

बुध्याने बायकोला दोन्ही हातांवर उचलून आणलं. जिवली भाताच्या खाचरात तण काढत, बेणणी करत होती, तिथे नागाने पायाला धरलं.

"शिस्टरबाय, हिच्या पापण्या उघडं नाय," बुध्या म्हणाला. "बोलं ते पन कळं नाय."

त्याने तिला बाकावर ठेवली. ती काहीतरी सांगू बघत होती, पण आवाज नाकातून येत होता आणि लाळ गळ्यावर ओघळत होती. रोहिणीला पुढचं ठाऊक होतं. विष आता श्वासाच्या स्नायूंवर चाललं होतं. लस लागणार होतीच, पण त्याआधी हिला श्वास पुरवायला हवा होता, आणि त्याचं सगळं सामान आत होतं.

"पुंजादादा, हिला आत घ्या."

पुंजाने केबिनकडे पाहिलं. तेवढ्यात सरच कप घेऊन दारात आले.

"लस तयार आहे?"

"नाही सर, आत्ताच तर आली ही. सपना सिस्टर आत कुप्या फोडतेय."

"मग आत घ्यायची घाई कशाला? मॅडम बसल्यात. दहा-पंधरा मिनिटांनी घ्या."

"सर, श्वास जातोय तिचा."

"सप्टेंबरात तुमचं कंत्राट नवं करायचंय ना, सिस्टर?" सर हळू आवाजात म्हणाले. "सरासरी बिघडवू नका." आणि चहा निवेल म्हणून परत गेले.

रोहिणीला सरांचा संताप आला, आणि त्याहून जास्त आला स्वतःच्या त्या हसऱ्या फोटोचा. ती आत पळाली. ऑक्सिजनचं सिलिंडर एका हाताने ओढत, श्वास देण्याची रबरी पिशवी काखेत मारून ती परत दारात आली. पुंजाचा हात आडवा होताच.

"पेशंट आत घ्यायचा नाही म्हणालेत ना? मी कुठे घेतेय? मी बाहेर चाललेय."

पुंजाने क्षणभर विचार केला. "भाईर जायाला कोनी बंदी नाय केली," तो म्हणाला आणि हात खाली घेतला.

पडवीच्या फरशीवर तिने जिवलीला आडवी केली, तोंडावर मास्क दाबला आणि पिशवी दाबायला लागली. छाती वर आली, खाली गेली. सपना सलाइन घेऊन धावत आली. टांगायला खुंटी कुठली? बुध्याच बाटली उंच धरून उभा राहिला. पहिला थेंब गेला तेव्हा घड्याळात अकरा एकोणीस झाले होते. साडेअकराला जिवलीला ट्रॉलीवरून आत नेली, आणि दुपारी दोनला तिची पापणी हलली. बुध्या तिथेच खाली बसला आणि मोठ्याने रडला. रोहिणीलाही रडू आलं. तिने ते आवरलं नाही.

मग ती रजिस्टर घेऊन केबिनमधल्या कंप्युटरसमोर बसली. प्रवेश अकरा तीस, सुई अकरा एकोणीस. दारापासून सुईपर्यंत: उणे अकरा मिनिटं. कंप्युटरने आकडा घ्यायला साफ नकार दिला.

"उणे अकरा?" मॅडमनी चष्म्यावरून विचारलं. "म्हणजे पेशंट यायच्या आधीच बरा केला?"

"लिहिण्यातली चूक, मॅडम," सर घाईने म्हणाले. "सिस्टर, प्रवेश अकरा पंधरा करा."

"नाही करणार. आत ती साडेअकरालाच आली. त्याआधी पडवीत होती."

"किती वेळ?" मॅडमनी विचारलं.

ते पुंजाला माहीत होतं. फाटकातून येणारी-जाणारी प्रत्येक गाडी तो वहीत टिपायचा. गाडी कुणाला घेऊन आली, हेही. वही आणली. "जीप, जिवली बुध्या, दहा अठ्ठावन." मॅडमनी मागची पानं उलटली आणि सरांच्या यादीशी ताडून पाहायला लागल्या. पडवीत अठरा मिनिटं. चौदा. एकवीस. सरांनी तीनदा सांगितलं की अभ्यासाची व्याख्याच दारापासून आहे, पडवीपासून नाही.

मॅडमचं बोट एका नावावर थांबलं. "ढवळू. वीस जुलै. जीप दोन दहाला आली, पावणेतीनला गेली. हे नाव तुमच्या यादीत नाही."

रोहिणी वाकून बघायला लागली. त्या आठवड्यात ती रजा टाकून जामसरला लावणीला गेली होती. परत आल्यावर तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

"कुठे गेला तो?" मॅडमनी विचारलं.

"त्याच जीपनं परत नेला," पुंजा म्हणाला. "गेला व्हता तव्हा. बाकावरच गेला."

सरांनी घसा खाकरला. "त्याचा अभ्यासाशी संबंध नाही, मॅडम. मृत्यू शून्यच धरायचे. तो दारातून आत आलाच नव्हता."

मॅडमनी जरा विचार केला आणि मान हलवली. "व्याख्येप्रमाणे बरोबर आहे."

पुंजाने आजवर सरांसमोर विचारल्याशिवाय तोंड उघडलं नव्हतं. तो दोन पावलं पुढे आला.

"येत व्हता, साहेब," तो म्हणाला. "मीच हात आडवा धरला."