एकेचाळीस आखूड देठ

आप्पांनी शब्द दिला होता. अर्धी बाग दादाने करायची, अर्धी मी, आणि ज्याची सफरचंदं थंड खोलीत तीन महिने टिकतील, त्याच्या हाती पुढे सगळी बाग. दादाने युरियाची पोती रिकामी केली. मी तीन वर्षं शेणखत, गांडूळखत आणि पालापाचोळा उपसला. मी जेवायला बसले की दादा मुद्दाम नाक धरायचा. त्याची फळं मुठीत मावेनात इतकी फुगली. माझी बेताचीच, पण दाबून पाहिलं तर दगडासारखी.

शंभर-शंभर फळं मोजून दोघांचा एकेक क्रेट खोलीत ठेवला. कोपऱ्यात घरच्यासाठी माझा आणखी एक. किल्ली तिथल्या राखणदार काकांकडे.

तीन महिन्यांनी दार उघडलं. दोन्ही क्रेट काठोकाठ भरलेले, डाग नाही की सुरकुती नाही.

"सारखीच टिकली की," आप्पा म्हणाले. "मग तीन वर्षं शेणात लोळलीस कशाला?"

दादा मिशीतल्या मिशीत हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्या क्रेटमधलं एक फळ उचललं. देठ आखूड होता. शेजारच्या फळाला टोचू नये म्हणून मी प्रत्येक देठ कात्रीने छाटते. दादाकडे एवढी उठाठेव कोण करतंय?

"काका, या क्रेटला हात कोणी लावला?"

"मीच. दुसरं कोण लावणार?" काका ऐटीत म्हणाले. "एक नासलं की सगळा क्रेट जातो. पस्तीस वर्षं रोज सकाळी वेचतोय. तुझी दोन गेली. याचं दिवसाआड एखादं जायचं. अर्धा क्रेट बरा दिसत नाही, म्हणून तू घरच्यासाठी ठेवलेल्या तिसऱ्या क्रेटातली मोठी मोठी निवडून घालत गेलो."

माणसाने इमानेइतबारे माझं वाटोळं केलं होतं. मी दादाचा क्रेट जमिनीवर ओतला आणि सगळ्यांदेखत मोजलं. एकेचाळीस देठ आखूड.

आप्पांनी पायाशी आलेलं एक फळ परत ढिगात टाकलं. "बरं, तुझंच खत खरं. पुढच्या वर्षी दादाही तेच वापरेल. तू त्याला नीट शिकव."

"आणि बाग?"

"बाग तोच बघेल. तू सांगशील तसं करेल की."

म्हणजे हरले असते तर बाग गेलीच होती, आणि जिंकले तर फुकटची मास्तरीण. मला रडू येईल असं वाटलं, पण आला तो संताप. मी माझी एकेचाळीस फळं वेचून माझ्या क्रेटवर रचली.

"आप्पा, त्याची फळं टिकली नाहीत ते खताचं झालं. तुमचा शब्दही टिकला नाही, तो कशाने?"

त्यांनी दादाकडे पाहिलं. दादा उरलेल्या फळांकडे बघत होता. मी हात पुढे केला आणि बागेच्या फाटकाची किल्ली हातावर पडेपर्यंत जागची हलले नाही.