एक्याण्णव नंबरची पाटी

मी मारते. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. तेहतीस वर्षं शाळेत मारलं आणि निवृत्त झाल्यापासून कोथरूडच्या आमच्या सोसायटीत, तळमजल्यावरच्या माझ्या हॉलमध्ये मारते. पाचवीच्या शिष्यवृत्तीचं गणित, चोवीस मुलं, पाच ते साडेसहा. पालक दाराशी चपला काढतात आणि म्हणतात, "बाई, बिनधास्त हाणा." मारू नका असं आजवर एकानंही म्हटलेलं नाही. कायदा आहे, मला माहीत आहे. कायद्याला शिष्यवृत्तीला बसायचं नसतं.

माझी पट्टी लाकडी, कडेला पितळेची पात बसवलेली. पोरानं मूठ वळून पालथी पुढे करायची आणि सांध्यांवर पट्टी उभी बसायची. आडवी मारली तर नुसता आवाज होतो.

संख्यांचे प्रकार मी फळ्यावर शिकवत नाही. फळ्यावरचं पोरं झोपेतही उतरवून घेतात. माझ्याकडे पुठ्ठ्याच्या पाट्या आहेत, शून्य ते शंभर, प्रत्येकीला नाडी. शाळेत नव्यानं लागले तेव्हा मी स्वतः केल्या होत्या. प्रत्येकाच्या गळ्यात एकेक अडकवायची. मग नैसर्गिक संख्या पुढे या म्हटलं की शून्य सोडून सगळे पुढे. पूर्ण संख्या म्हटलं की शून्यानंही यायचं. शून्याचं पोर हमखास विसरतं आणि मार खातं, पण मग जन्मात विसरत नाही. सम खिडकीकडे, विषम कपाटाकडे. तोपर्यंत सगळं मजेत चालतं.

मग चाळणी. एकाला दारात उभा करायचा, कारण एक मूळही नाही आणि संयुक्तही नाही. बाकी सगळे उभे. मी म्हणते "दोन". दोननं उभं राहायचं आणि दोनाच्या पाढ्यातल्या बाकी सगळ्यांनी खाली बसायचं. मग तीन, मग पाच, मग सात. शेवटी जे उभे उरतात ते मूळ आणि जे बसले ते संयुक्त. पोरं एकमेकांना खुणावतात, कुजबुजतात, म्हणून एक नियम आहे: चाळणी सुरू झाली की तोंड बंद. मी "चाळणी संपली" म्हणेपर्यंत जीभ हलली तर चार पट्ट्या. गेल्याच आठवड्यात ऋचानं शेजारच्या निकिताला "बस ना" म्हटलं होतं. तेवढ्यासाठी तिला चार मिळाल्या. रडली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली, आणि असं बघणारी पोरं मला आवडत नाहीत.

ऋचा दहा वर्षांची, आमच्याच सोसायटीतली, बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणारी. तिचा बाप केदार खराडीला कुठल्याशा आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, हल्ली बहुतेक घरूनच काम करतो. तोही पाचवीत माझ्याच हाताखाली होता. सोसायटीच्या प्रत्येक पूजेला चार लोकांत सांगायचा, "आज जो काही आहे तो बाईंच्या पट्टीमुळे." मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

त्या मंगळवारी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. वरच्या फ्लॅटमध्ये दुपारपासून फरशा फोडत होते. तशातच चाळणी लावली. दोन, तीन, पाच नीट झाले. "सात" म्हटलं. एकोणपन्नास बसला, सत्याहत्तर बसला, आणि ऋचाही बसली. तिच्या गळ्यात एक्याण्णव.

"एक्याण्णव मूळ आहे," मी म्हटलं. "ऊठ."

ती उठली नाही. माझ्या डोक्यात सत्त्याण्णव होता की एकोणनव्वद, देव जाणे. हे मी आत्ता सांगतेय. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की चोवीस पोरांसमोर एक कार्टी माझा शब्द मोडतेय. मी तिची वेणी धरून तिला उभी केली. सोडल्याबरोबर ती बसली. परत ओढली, परत बसली. तिसऱ्यांदा मी वेणी मुठीला गुंडाळूनच ओढली, तशी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडातून आवाज नाही.

"मूठ."

तिनं मूठ पुढे केली. एक. दोन. तिसऱ्या पट्टीला मधल्या बोटाचं कातडं फाटलं. मी थांबले नाही. सात मारल्या. मोजून. सातव्या पट्टीला ती पुन्हा जमिनीवर बसली, पाटी छातीशी घट्ट धरून, आणि मी तिच्या पाठीत लाथ घातली. हेही सांगायला हवं, म्हणून सांगते. पट्टीचं लोक समजून घेतील, लाथेचं नाही घेणार, आणि घेऊही नये.

"निघा सगळे," मी ओरडले. पोरं पाट्या खुर्चीवर टाकून पळाली. ऋचानं तिची पाटी काढून नीट गठ्ठ्यावर ठेवली आणि गेली. मी लगेच फोन उचलला आणि केदारला मेसेज टाकला: "ऋचा आज फार उद्धट वागली. एक्याण्णव मूळ आहे सांगितलं तरी ऐकत नाही. घरी बघा."

मग चहा केला. प्यायले. सव्वासातच्या सुमारास पाट्या लावायला बसले, तर ऋचाच्या पाटीच्या कडेला रक्ताचा डाग होता. पुसायला म्हणून पाटी उलटी केली.

प्रत्येक पाटीच्या मागे मी तिचे अवयव लिहून ठेवलेत. मूळ संख्यांच्या मागे एकच जोडी, बाकीच्यांच्या मागे सगळ्या. या पाटीच्या मागे, माझ्याच तेव्हाच्या टपोऱ्या अक्षरात, दोन ओळी होत्या. १ × ९१. ७ × १३.

मी तेराचा पाढा म्हटला. मोठ्यानं, बोटांवर. परत म्हटला. पोरीच्या छातीवर उत्तर लटकत होतं आणि मी तिला लाथ घातली होती. मग मला मेसेज आठवला आणि मी तशीच बी विंगकडे निघाले.

लिफ्ट बंद होती. माझे गुडघे गेलेत, तरी तीन मजले चढले. दुसऱ्या मजल्यावरच आवाज ऐकू आला. तो आवाज मी कुठेही ओळखेन. पट्टी उभी लागली की असाच येतो.

दार केदारच्या बायकोनं, सलोनीनं उघडलं. तिचा ओठ सुजला होता. "बाई," एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली.

ऋचा जेवणाच्या टेबलाशी उभी होती, मूठ पुढे करून. दोन्ही हात निळे पडलेले, एका बोटाचं नख लोंबत होतं. केदारच्या हातात लाकडी पट्टी होती, कडेला पितळेची पात. मला बघून तो हसला, पाहुण्यांना बघून हसावं तसा.

"या बाई. बघा, तुमच्यासारखीच आहे. अख्खी बुधवार पेठ पालथी घातली तेव्हा मिळाली. पाऊण तास विचारतोय, बाईंना काय बोललीस, एक्याण्णव मूळ की संयुक्त ते सांग. तोंड उघडत नाही. एवढा माज."

"केदार, पट्टी ठेव. एक्याण्णव संयुक्त आहे. मी चुकले."

"तुम्ही चुकत नाही, बाई."

"तेरा सत्ते किती?"

त्याचे ओठ हलले. मग त्याचा चेहरा लाल झाला आणि मला वाटलं, संपलं. पण तो ऋचाकडे वळला. "तुला माहीत होतं? माहीत होतं आणि बोलली नाहीस? बाईंना सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलंस?" आणि त्यानं उलट्या हातानं तिच्या कानाखाली काढली. ती कोलमडली, कपाळ टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं. कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली. त्यानं पुन्हा पट्टी उचलली.

मी मध्ये हात घातला. पितळेची पात माझ्या बोटांवर बसली आणि काहीतरी मोडल्याचं मला हाताआधी कानानं कळलं. त्या वेदनेनं माझं डोकं फिरलं. दुसऱ्या हातानं पट्टी हिसकली आणि त्याच्या खांद्यावर, दंडावर, गालावर जिथं लागेल तिथं हाणत सुटले. सहा फुटी माणूस भिंतीशी मागे सरकत गेला. गाल फाटला, शर्टावर रक्त आलं. मी पट्टी पुन्हा वर उचलली.

आणि केदारनं मूठ वळून पालथी माझ्यापुढे धरली.

त्यानं ठरवून नाही केलं ते. त्यालाही कळलं नसावं. सदतीस वर्षांचा माणूस डोळे मिटून, मान खाली घालून, मूठ पुढे करून उभा होता. अंगठा आत, मी शिकवला होता तसा. माझ्या हातून पट्टी पडली.

सलोनीनं पोरीला उचललं. रिक्षात मी तिच्या शेजारी बसले. केदार मागून स्कूटरवर आला. दवाखाना पाच मिनिटांवर. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कान बघितला, हात बघितले, माझी बोटं बघितली.

"कसं झालं?"

"जिन्यावरून पडली," केदार म्हणाला. गालावर रुमाल धरून.

सलोनी माझ्याकडे बघत होती. मी जिना म्हटलं असतं तर तिनंही मान डोलावली असती. उद्या पाच वाजता चोवीस पोरं आली असती, पाट्या गळ्यात घालून उभी राहिली असती, आणि कोथरूडात कुणी ब्र काढला नसता. मला ते हवं होतं. अगदी स्पष्ट सांगते, हवं होतं.

"जिना नाही," मी म्हटलं. "बोटांचं कातडं फाटलंय ते माझं काम. साडेसहाच्या आधीचं. पाठीवर लाथेचा वळ असेल, तोही माझाच. कान, कपाळ आणि बाकीचं यानं केलं, मी मेसेज टाकल्यावर. लिहून घ्या. पोलिसांना कळवायचं असतं ना तुम्हाला? कळवा."

"बाई, काय बोलताय," केदार म्हणाला. त्याचा आवाज पाचवीतल्या पोरासारखा झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मला काळजी दुसरीच आहे. एका कानाचा पडदा फाटलाय, पण दुसरा चांगला आहे. तिला ऐकू येतंय. तरी ती एक शब्द बोलत नाही. डोक्याला मार लागलाय, म्हणून विचारते. किती वेळ झाला बोलत नाहीये?"

"क्लासवरून आल्यापासून," सलोनी म्हणाली. "आल्यावर पाणीसुद्धा खुणेनं मागितलं. यांना वाटलं, मुद्दाम करतेय."

ऋचा कॉटवर बसली होती, ओठ घट्ट मिटून, आणि माझ्याकडे बघत होती. त्याच नजरेनं. गेल्या आठवड्यातल्या चार पट्ट्या मला आठवल्या. मग आज मी पोरांना हाकललं तेव्हा काय म्हटलं ते आठवलं आणि काय म्हणायचं राहिलं तेही. मी कॉटची कड धरली आणि तिच्या चांगल्या कानाशी वाकले. तिनं लगेच मूठ वळली.

"ऋचा," मी म्हटलं, "चाळणी संपली."

तिनं आधी माझ्या हातांकडे बघितलं. दोन्ही रिकामे आहेत याची खात्री केली. मग ओठ सोडवले. ते चिकटून सुकले होते, वेळ लागला.

"तेरा सत्ते एक्याण्णव," ती म्हणाली. "बाई, पाणी देता?"