उंबऱ्यावरचा तांब्या

दारू सोडायला असं काय लागतं, असं जो विचारतो त्याने ती कधी मनापासून धरलेली नसते. मी धरली होती. दिवेलागण झाली की घशाला कोरड पडायची आणि पाय आपोआप मोर्णा नदीच्या काठाकडे, भट्टीच्या वाटेला लागायचे. नेमक्या त्याच वेळी निर्व्यसन मंडळाचा माणूस माझ्या ओसरीवर येऊन बसायचा.

मंडळ अमरावतीच्या बापूसाहेब वकिलांचं. बापूसाहेब जन्मात ताकाच्या पुढे गेले नव्हते, पण माणूस शहाणा. दारुड्याकडे दारुडाच पाठवायचा, मात्र सोडलेला, हा त्यांचा पहिला नेम. दुसरा नेम असा की मदतनिसाने त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. त्यालाही कारण होतं. एका बिलंदराने आपल्या मदतनिसाला तांब्यातून मोहाची पाजली आणि दोघे गळ्यात गळे घालून भट्टीवर गेले. तेव्हापासून पाणी बंद.

माझ्या वाट्याला आले भगवंतराव, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, जमुनाबाईचे यजमान. तिला मी नुसतं बाई म्हणतो. अकोल्यात दुसरे दारुडे नव्हते असं नाही, पुष्कळ होते. पण भाऊजींनी बापूसाहेबांकडून माझंच नाव मागून घेतलं होतं, कारण माझ्या घरात बाई होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली दारू सोडायची शपथ त्यांनी त्याच संध्याकाळी मोडली, तेव्हा ती सासरचं धामणगाव सोडून माझ्याकडे आली ती आलीच. आता भाऊजींची सुटून दोन पोळे उलटले होते. कापसाच्या हंगामापुरते ते अकोल्यात सरकी काढायच्या एका जिनात कामाला आले होते. हंगाम संपला की परत धामणगाव. त्याच्या आत बाईने ‘येते’ म्हणावं, एवढीच त्यांची आस होती.

“मंग तुमीच बोलवा ना तिले,” मी एकदा म्हणालो.

“बोलावून आणलेली बाई दरवाज्याकडंच पाहात राहते,” ते म्हणाले. “तिच्या मनानं आली पायजे.”

उपदेश त्यांनी मला कधी केला नाही. अंबाडीचा वाख घेऊन यायचे, एक टोक माझ्या हातात द्यायचे आणि दुसऱ्या टोकाला पीळ घालत बसायचे. “धरून ठेव, पंजाबराव. सोडलं तं सारा पीळ उकलते.” मी त्यांच्यावर खेकसायचो. “तुमाले काय? तुमची सुटली.”

“सुटली कुठं? मलेबी आत्ताच आठवून राहिली. म्हणून तं इथं बसलो.”

एवढं बोलून ते मधल्या दाराकडे पाहायचे. मी दारूसाठी तळमळायचो आणि ते त्या दारासाठी. एका दोराच्या दोन टोकांना दोन तहानलेले बसलेले असायचो.

दारी आलेल्याला आधी पाणी, ही आमच्याकडची रीत. बाई रोज घासलेला तांब्या घेऊन मधल्या दारात उभी राहायची. भाऊजी मान खाली घालून म्हणायचे, “नको.” बाई तांब्या उंबऱ्यावर ठेवून आत जायची. त्या आवाजासरशी भाऊजींचा पीळ चुकायचा. ते गेले की बाई तेच पाणी तुळशीला घालायची. मंडळाचा नेम तिला ठाऊक असेल असं मी धरून चाललो होतो. दारुड्याचं डोकं, दुसरं काय.

फाल्गुन लागला. जिनात गाड्या तुरळक येऊ लागल्या. एका दुपारी मी बाईला सरळच विचारलं.

“भाऊजी चालले आता धामणगावले. तू काहून नाही जात?”

बाई शेंगा सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, “ते पीतच असतीन अजून.”

“रोज माह्यापाशी बसतात ते. मले वास नाही का येणार?”

“तुले भट्टीतबी वास येत नव्हता.” मग तिचे हात थांबले. “तिकडं ते घरी आले का मी तांब्या घेऊन दारात उभी राहायची. तांब्या देता देता त्यांचा श्वास हुंगायची. त्यावरून कळायचं, आज भाकर टाकायची का रडत बसायचं. अन् ज्या दिवशी पिऊन असतीन, त्या दिवशी दुरूनच म्हणत, नको, तहान नाही. आता रोजच नको म्हणतात. मी काय समजू?”

मी तिला मंडळाचा नेम सांगितला. गळ्यात गळे घालून गेलेल्या त्या दोघांची गोष्टही सांगितली, आणि सांगून चुकलोच.

“म्हंजे मंडळाचीबी माणसं पेतातच ना? नेम तुमाले मायती, पंजाब. मले त्यांचा ‘नको’ मायती हाय.”

शपथा ऐकून ऐकून तिचा कानांवरचा विश्वासच उडाला होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरून अमरावती गाठली आणि बापूसाहेबांना म्हणालो, “मले दुसरा माणूस द्या.”

“का? भगवंतरावांचं काही चुकलं?”

“नाही जी. मले ते जवाई म्हणून पायजेत.”

बापूसाहेबांनी नत्थुजी दिला. माणूस सज्जन, पण आपल्या पोटाच्या तक्रारी अथपासून इतिपर्यंत सांगणारा. भाऊजींसारखा सोबती सोडून हे ध्यान मी स्वतः मागून घेतलं, याचं मला त्या संध्याकाळी रडू येत होतं. नत्थुजी वाखाचं टोक धरून कालच्या अपचनावर आला होता, तेवढ्यात भाऊजी आले. आपल्या जागी दुसरा पाहून त्यांचा चेहरा पडला.

“काहून, पंजाबराव? माह्यं काय चुकलं?”

“तुमची मंडळाची पाळी संपली, भाऊजी. आज तुमी घरचे जवाई. पाणी प्या.”

बाई तांब्या घेऊन मधल्या दारात आली. भाऊजी जागेवरून हलेनात. मला वाटलं, हा माणूस सवयीने ‘नको’ म्हणतो आणि सगळं मुसळ केरात जातं. पण ते उठले, उंबऱ्यापर्यंत गेले आणि दोन्ही हातांनी त्यांनी तांब्या धरला.

बाईने तो सोडला नाही. ती जराशी पुढे झाली आणि तिने श्वास आत ओढला.

भाऊजींना कळलं. ते मागे सरले नाहीत, तोंडही वळवलं नाही. नत्थुजीचं पोटपुराण थांबलं. बाईने डोळे मिटून पुन्हा एकदा श्वास घेतला, आणि तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

“हुंग,” भाऊजी म्हणाले. “रोज हुंगत जा.”

तिने तांब्या सोडला. ते घटाघटा प्यायले, अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. रिकामा तांब्या परत घेऊन बाईने पदराने डोळे पुसले.

“रोज कशी हुंगू?” ती म्हणाली. “अकोल्यात बसून धामणगावचा वास येते का?”