उरलेल्या गोळ्या

आई जाऊन तीन आठवडे झाले होते, तरी तिच्या गोळ्या संपत होत्या.

मला ते कळलं शनिवारी, बाबांकडे लंडनजवळच्या वॉटफर्डला गेले तेव्हा. चहापत्ती काढायला ओट्यावरचं कपाट उघडलं, तर आत तिचे ट्रे एकावर एक रचलेले. कोपऱ्यावरच्या फार्मसीतून आठवड्याचा एक असे ते तयार होऊन यायचे. सात वार, प्रत्येक वाराचे चार खण, वर पारदर्शक प्लॅस्टिक. ठोके आवरणारी गोळी, छातीत पाणी साठू नये म्हणून वॉटर टॅब्लेट, आणखी तीन-चार. वरचा ट्रे त्या दिवशीच्या सकाळपर्यंत फोडलेला होता. खालचे दोन रिकामे. एक अजून कोरा होता.

"बाबा, ह्या गोळ्या कोण घेतंय?"

"ज्याच्या आहेत तो," बाबा शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाले. "आणि हळू बोल. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

माझे बाबा आयुष्यभर वीजकेंद्रातले इंजिनिअर. देवाला हात जोडताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. दहाव्यासाठी गुरुजींना झूमवर बोलवू या असं मावशी म्हणाली, तर यांनी विचारलं होतं, "आणि मध्येच बफरिंग झालं तर तिने काय लटकत राहायचं?" त्यामुळे त्यांचं ते वाक्य ऐकून मला वाटलं ते एकच. दुःखाने भ्रमिष्ट होऊन हे तिच्या गोळ्या स्वतः घेत आहेत. निरोगी माणसाने ती ठोक्यांची गोळी रोज घेतली तर हृदय बंद पडू शकतं. आईच्या डॉक्टरांनीच मला तसं बजावलं होतं.

मी रजा टाकली आणि राहिले. वार्षिक तपासणी आहे असं सांगून बाबांना जीपीकडे, त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं, रक्त काढून घेतलं, काय शोधायचं ते नर्सला बाजूला घेऊन सांगितलं. दोन दिवसांनी फोन आला. त्या औषधाचा अंशही नव्हता.

"झालं समाधान?" बाबा म्हणाले. त्यांना सगळं कळलं होतं. "आता मी वेडा ठरलो की चोर?"

"मग सिंकमध्ये टाकता का तुम्ही?"

"उद्या नाश्त्याला बस माझ्याबरोबर. बघ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळचा खण फोडून गोळ्या एका बशीत काढल्या, बशी आईच्या खुर्चीसमोर ठेवली, शेजारी कोमट पाण्याचा पेला. मग समोर बसून टोस्टला लोणी लावू लागले. मी बशीवरची नजर हलवली नाही. पोस्टमनने बेल वाजवली तेव्हासुद्धा मी बाबांना आधी उठायला लावलं, त्यांच्या मागोमाग गेले. सही मी केली. पार्सल त्यांच्या हातात होतं. आम्ही दोघं बरोबरच परत आलो.

बशी रिकामी होती. पेला अर्धा झाला होता. आई पेला कधी पूर्ण संपवायची नाही.

"वॉटर टॅब्लेटमुळे आता तासाभरात वर बाथरूमला जाईल," बाबा म्हणाले. "पाइप वाजतात. घाबरू नकोस."

पाइप वाजले.

सोमवारी मी कपाटातले सगळे ट्रे पिशवीत भरून फार्मसीत गेले. घाबरून गेले हे खरं, पण तेवढंच नव्हतं. त्या आठवडाभरात, मी जीपीकडे नेलं तेवढं सोडलं तर, बाबा एकदाही घराबाहेर पडले नव्हते. त्यांचं सगळं बोलणं वरच्या खोलीशी चालायचं, आणि स्वतःचं जेवण ते विसरायचे. पट्टा दोन भोकं आत गेला होता.

काउंटरमागे बोझेना होती. पोलंडमधली, माझ्याहून थोडी मोठी. आईची आणि तिची मैत्री होती. आई तिला लसणाची चटणी द्यायची, ती आईला सुकवलेले मश्रूम. मी पिशवी उघडली तसे तिने ट्रे ओळखले.

"तुमच्या वडिलांनी चारही ट्रे एकदम नेले," ती म्हणाली. "म्हणाले, आम्ही बाहेरगावी जातोय. दोघांचं नाव घेतलं. त्या गेल्याचं मला नंतर कळलं."

"परत घेता ना?"

"घेते." पण तिने हात लावला नाही. "आमचं गाव लहान होतं. दोन फार्मसी, एक चर्चसमोर, एक चौकात. चौकातली माझ्या आईची. लोक डॉक्टरकडे नंतर जायचे, आधी तिच्याकडे. पण कोणी गेलं की घरचे त्याची औषधं त्याच दिवशी परत आणायचे, माणसाला पुरायच्या आधी. माझी आई त्यासाठी दुकान उघडं ठेवायची."

"का?"

"ती म्हणायची, औषध घरात राहिलं की त्याची वेळ होते. वेळ झाली की ते हाक मारतं." ती थोडं हसली. "मी फार्मसीची पदवी घेतली तेव्हा यावर तिच्याशी खूप भांडले."

"आणि उशिरा आणलं तर?"

तिने ट्रे उचलून परत आलेल्या औषधांच्या निळ्या पिंपात टाकले, झाकण दाबून बसवलं.

"तर औषध बंद केल्यावर माणसाला जे होतं, ते होतं."

पहिले दोन दिवस काही झालं नाही. बाबा माझ्याशी बोलत नव्हते. बुधवारी दुपारी मी लॅपटॉपवर काम करत होते, तेव्हा जिन्यातून श्वास ऐकू आला. तीन पायऱ्या, थांबणं. तीन पायऱ्या, थांबणं. मग वरच्या खोलीत, पलंगाच्या कुरकुरीनंतर, तो ओला, बुडबुड्यांचा आवाज. हॉस्पिटलच्या आधीच्या आठवड्यात घरभर तोच आवाज होता. आणि ती गेली तेव्हा बाबा आणि मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये जागा शोधत फिरत होतो.

बाबा कोट चढवून दाराशी आले.

"कुठे निघालात?"

"जीपीकडे. माझी छाती भरते म्हणून सांगतो. माझ्या नावावर देतील."

"बाबा, नाही."

"एक वॉटर टॅब्लेट गं! श्वास बघ तिचा. तुला ऐकू येत नाही?"

"येतोय."

ते थांबले. मला ऐकू येत असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

"मग?"

"मग आज एक. उद्या परत. किती वर्षं तिला त्या जिन्यावर चढवणार आहात?"

"मी आहे तोवर."

"तुम्ही असे राहिलात तर फार दिवस नाही." मी दार अडवून उभी होते. "आणि तिला बसवून ठेवून तुम्ही निघून गेलात, तर मग तिला कोण गोळ्या देणार?"

मी त्यांना तिथेच सोडून वर गेले.

पलंगावर कोणी नव्हतं. आवाज मात्र तिथेच होता, माझ्या कमरेच्या उंचीवर. आडवं झालं की तिचा जीव घुसमटायचा, म्हणून मी उशा एकावर एक रचल्या. तीन. वरच्या उशीला खळगा पडला. मी बाजूला बसले. खळग्यावर हात ठेवला, तर थंड लागला, घामाने ओल्या केसांसारखा.

"आई," मी म्हटलं, "गोळ्या नाहीत आता."

श्वास घाईने आला, अडकला, पुन्हा आला. दुसऱ्या बाजूने पलंग दबला. बाबा कोटासकट येऊन बसले होते.

"श्यामला," ते म्हणाले, "हिने टाकल्या गं. मी नाही."

मग जरा वेळाने, वेगळ्याच आवाजात, "बरं केलं तिने."

खिडकीबाहेर शाळा सुटली. मुलं आरडाओरडा करत गेली, रस्ता पुन्हा शांत झाला. दोन श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. बाबा प्रत्येक वेळी मान पुढे करून वाट बघायचे. एकदा त्यांनी तशीच वाट बघितली, आणि बघतच राहिले.

खळगा हळूहळू भरून आला.

बऱ्याच वेळाने बाबांनी वरची उशी उचलून घेतली. "ही माझी. आजारी पडल्यापासून तिनेच घेतली होती." त्यांनी ती चाचपून पाहिली. "ओली आहे."

आणि तीच डोक्याखाली घेऊन ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.