एकतिसावा रोडगा

पौषातला सकाळचा उजेड आमच्या गावात घाई करत नाही. तो आधी टेकड्यांच्या पाठीवर थोडा वेळ रेंगाळतो, मग शेवग्याच्या शेंड्यावरून घसरत गोठ्याच्या पत्र्यावर येतो आणि तिथे रात्रीचे दव सुकवत बसतो. आमच्या अंगणात तो पोचतो तेव्हा साडेसात वाजलेले असतात. त्या रविवारी मी पायरीवर बसून त्याची वाट पाहत होतो. प्रथम बाजारासाठी भरून ठेवलेल्या वांग्यांच्या क्रेटची कड उजळली. मग एकेक वांगे, हजेरीत नाव यावे तसे, आपापल्या पाळीने जांभळे होत गेले. तारेवरच्या बाबांच्या बनियनमधून उजेड आरपार गेला आणि त्या विरलेल्या कापडाला काही क्षण मोठी प्रतिष्ठा आली. चुलीवरच्या पाण्याची वाफ त्यात शिरली, सोनेरी झाली आणि नाहीशी झाली. या उजेडात विशेष असे काहीच नव्हते. रोज येतो तसाच तो आला होता. पण थोड्याच दिवसांत मी इथे नसेन आणि तो असाच येत राहील, या विचाराने मी पायरीवरून उठलोच नाही. त्या बसून राहण्याला मी एकांताची ओढ असे नाव दिले.

"नीरज! उजेड पाहून राह्यला का बे? गोवऱ्या भर पोत्यात!" वच्छला आत्या आतून ओरडली.

हे सगळे एका नोकरीमुळे घडत होते. मेळघाटातल्या एका डोंगरावर पावसाच्या आणि वाऱ्याच्या नोंदी ठेवण्यासाठी माझी निवड झाली होती. केंद्रावर माणूस एकच. जवळचे गाव अकरा किलोमीटरवर. मुलाखतीत "एकटे राहू शकाल ना?" असे विचारल्यावर मी उत्तर दिले होते की एकांत ही माझी मातृभाषा आहे. ते वाक्य आठवले की अजून माझे कान तापतात. सोमवारी सकाळी दहाच्या आत होकार कळवायचा होता.

बाबांनी, म्हणजे मधुकररावांनी, विरोध केला नव्हता. त्यांनी फक्त अट घातली होती. "पहिले आपल्या बोडक्या टेकडीवर एक रात्र एकटा राहून दाखव. राह्यला, तर मीच तुही बॅग एसटीत चढवून देतो."

बोडकी टेकडी गावापासून सहा किलोमीटरवर आहे, आणि पायथ्यापासून पुढे दीड तासाची उभी पायवाट. माथ्यावर थोडी सपाटी, उघड्यावर महादेवाची पिंड आणि सालईचे एक झाड. अलीकडे नागपूरची मुले तिथे तंबू ठोकतात, म्हणून माझी धाकटी बहीण मयुरी त्या जागेला 'कॅम्पसाइट' म्हणते. मी निळा तंबू आणि झोपायची पिशवी मागवली. माझ्या मनात एक संथ, गंभीर रात्र तयार होती. तिच्यात आत्या कुठेच नव्हती.

"महादेवाच्या उशाशी झोपायले चालला अन् हात हालवत?" आत्या म्हणाली. "रोडगे झाल्याबिगर नाई जमत. आमी येतो, रोडगे करतो, दिवस बुडायच्या आत उतरतो. मंग तू अन् तुहा एकांत बसजो."

रोडगे म्हणजे जाड्या कणकेचे मुठीएवढे गोळे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. इतर ठिकाणी हा केवळ स्वयंपाक असेल. आमच्या गावात बोडक्या टेकडीच्या रोडग्यांना एक नियम आहे: महादेवाला दाखवलेला रोडगा टेकडी उतरत नाही. वर केले तेवढे सगळे 'हर हर महादेव' म्हणत वरच संपवले पाहिजेत. एकही खाली आणायचा नाही, आणि तो शिल्लक असेपर्यंत करणाऱ्यांनीही उतरायचे नाही.

निघताना आत्याने माझी पाठपिशवी उघडली, वही बाहेर काढली आणि त्या जागी पाच किलो वांगी भरली.

"आत्या, ती वही..."

"वही काय भाजून खाशीन?"

आम्ही पाच जण होतो: मी, बाबा, आत्या, मयुरी आणि शेजारचे तानबाजी, ज्यांच्या डोक्यावर गोवऱ्यांचे पोते होते. गुडघ्यांमुळे आई घरीच राहिली. पायवाट इतकी उभी होती की पुढच्या माणसाच्या टाचेशी बोलावे लागत होते. वळणावर बसून मयुरीने विचारले, "आत्या, वरती एवढी लाकडं पडून हायेत. मंग शेण काऊन वाहून नेऊन राह्यलो आपण?"

"लाकडाच्या जाळावर रोडगा करपते. आतून कच्चा राह्यते."

"आपल्या दादासारखा," मयुरी म्हणाली. ती सेवाग्रामला नर्सिंग शिकते आणि निदान लवकर करते.

माथ्यावर पोचल्यावर मी तंबू उभारला. दुसऱ्याच मिनिटाला आत्याने कणकेची परात त्यात नेऊन ठेवली, कारण बाहेर वारा होता. तानबाजींनी तंबूच्या दोरीवर घामाने भिजलेला शेला वाळत घातला. बाबांनी थोडा वेळ त्या निळ्या वास्तूकडे पाहिले.

"पहिल्यांदा स्वतःचं घर घेतलं पोरानं," ते म्हणाले, "अन् पहिले कणीक मुक्कामी आली."

आत्याने एकतीस रोडगे केले. नाचणगावहून कवडूमामा घरच्या नऊ माणसांसह यायचे होते. एक वाजता नैवेद्य दाखवून झाला आणि मयुरीचा फोन वाजला. तिने ऐकले, हसू दाबले आणि जाहीर केले, "मामा अर्ध्या वाटेवरून परत फिरले. म्हणतात, ही वाट हाये का भिंत? आमी खालूनच हात जोडले, तुमी पोटभर जेवजा."

सगळे एकतीस रोडग्यांकडे पाहू लागले. ते राखेत तसेच शांत पडून होते.

"वानरायले देऊन टाकू," तानबाजी म्हणाले.

"वानर 'हर हर महादेव' म्हणून खाते का?" आत्या म्हणाली, आणि तो मार्ग बंद झाला.

हिशेब राहावा म्हणून, खाल्ल्या गेलेल्या प्रत्येक रोडग्यासाठी आत्या पिंडीशेजारी एक खडा ठेवत होती. पहिले पंधरा खडे हसतखेळत पडले. अडीच वाजता बावीस झाले. आत्याने तीन रोडगे गुळात कुस्करून वाटले, तेव्हा पंचवीस. उतरायला दीड तास लागतो. साडेचारच्या आत निघाले नाही तर त्या वाटेवर अंधार गाठणार होता. मी सुरुवातीला सर्वांत जोमाने खात होतो. प्रत्येक घास या माणसांना खाली आणि मला माझ्या एकांताकडे नेत होता. चौथ्या रोडग्यानंतर माझा वेग मंदावला. कारण मी पोटावर ढकलले.

खरे तर तीन वाजल्यापासून मी त्यांच्याकडे फार पाहू लागलो होतो. बाबा सालईच्या बुंध्याला टेकून डोळे मिटून चावत होते. मयुरी पाय पसरून तानबाजींना उचकी थांबवण्याचे शास्त्रीय उपाय सांगत होती. ऊन तिरपे होत चालले होते आणि त्यांच्या सावल्या माझ्या तंबूच्या दारापर्यंत आल्या होत्या. या सावल्या आता निघून जातील, असे मनात आले, आणि मी तंबूत काहीतरी ठेवायला म्हणून उठलो.

सव्वाचारला तानबाजींनी शेवटचा रोडगा दोन्ही हातांनी धरून संपवला. ते आडवे झाले. आत्याने खडे मोजले. मग पुन्हा मोजले.

"तीसच," ती म्हणाली.

"तीसच केले असशीन," बाबा म्हणाले.

"मधुकर, चाळीस वर्षं झाली मले रोडगे करून. एकतीस होते. एक हाये कुठंतरी."

शोध सुरू झाला. राख चाळली गेली, पराती उलट्या झाल्या. संशय साहजिकच तानबाजींवर आला.

"तानबाजी, कमरेले काय बांधलं?"

"बाई, तंबाखू हाये!"

"दाखवा."

त्यांनी धोतराचा ओचा सोडून दाखवला. तंबाखूच होती. "आठवा रोडगा खाऊन माहा जीव जाऊन राह्यला," ते कळवळून म्हणाले, "अन् मी नववा चोरीन?"

मीही शोधत होतो. झुडपांत वाकून पाहत होतो, दगड उलटत होतो. सूर्य बोरीच्या झुडपांमागे गेला. तेव्हा बाबा उठले आणि म्हणाले, "आता या वाटेनं कोणी नाई उतरत. सगळे इथंच मुक्काम करू." आत्याने लगेच चहाचे पाणी ठेवले. मयुरीने आईला फोन केला. मी मोठ्याने उसासा टाकला, सर्वांना ऐकू जाईल असा, आणि म्हणालो की माझी रात्र गेली.

एकतिसावा रोडगा माझ्या झोपायच्या पिशवीत होता, तळाशी. मीच ठेवला होता. सकाळी एकट्याला भूक लागली तर असावा, एवढाच हेतू, असे मी स्वतःला सांगितले होते. आणि आत्या खडे मोजत असताना हे बोलायचे राहून गेले, असेही. एखादी गोष्ट दोन तास राहून जाऊ शकते.

दोघांच्या तंबूत आत्या आणि मयुरी माझी पिशवी अंगाखाली अंथरून झोपल्या. आम्ही तिघे पुरुष शेकोटीभोवती, गोवऱ्यांच्या रिकाम्या पोत्यावर. शेणाचा वास, तानबाजींचे घोरणे आणि बाबांचे कोपर यांच्यामध्ये मला इतकी गाढ झोप लागली की नियोजित चिंतनाला वेळच मिळाला नाही.

सकाळी मयुरीने माझी झोपायची पिशवी गुंडाळण्यासाठी झटकली. रोडगा बाहेर पडला आणि टणटण आवाज करीत आत्याच्या पायाशी जाऊन थांबला. तानबाजी उभे राहिले. त्यांनी रोडग्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"माहं धोतर सोडाले लावलं," ते म्हणाले. "चार लोकांत."

मयुरी हसून हसून खाली बसली. आत्याने रोडगा उचलून पिंडीजवळच्या दगडावर आपटला, कारण तो आता हाताने फुटत नव्हता. पाच तुकडे झाले. सर्वांत मोठा तुकडा तानबाजींनी अब्रूची भरपाई म्हणून घेतला.

बाबांनी मला कड्याजवळ बोलावले. "तू ठेवला?"

"सकाळी भूक लागली असती, म्हणून."

"ठेव ना. पण आत्या खडे मोजून राह्यली होती, तवा काऊन नाई बोलला?"

मी बोललो. कातरवेळेविषयी बोललो, वस्तूंच्या निरोपाविषयी, माणसाच्या आतल्या दोन आवाजांविषयी. बाबांनी सगळे ऐकून घेतले आणि दातातला कण जिभेने काढला.

"रात्र तू टेकडीवर काढली," ते म्हणाले. "एकटा नोता, पण काढली. जायचं असंन तर जा, मी अडवत नाई. नसंन जायचं तर तसं सांग. पण ते दोन आवाज-फावाज सांगू नको त्याईले. दहा वाजून राह्यले."

माझ्या फोनला पिंडीच्या मागच्या खडकावरच रेंज मिळत होती. मी तिथे चढून नोकरीच्या कार्यालयात फोन लावला. खाली सपाटीवर चौघे उतरण्यासाठी सामान बांधत होते आणि माझ्याकडे पाहत नसल्याचे फार काळजीपूर्वक दाखवत होते. तिकडून एक बाई बोलल्या. निवासाची सोय आहे, सौरदिवे आहेत, पुस्तके न्यायलाही हरकत नाही. मग होकार समजायचा ना, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. अडचण काय आहे, असे त्यांनी आपुलकीने विचारले. माझ्याजवळ तीन कारणे तयार होती, आणि तिन्ही सुंदर होती.

"मॅडम," मी म्हणालो, "मला एकट्याला राहायची भीती वाटते."