दारांच्या सिनेमाचा शेवटचा खेळ

मी एक जुना, सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर आहे. रिळे धरणारे दोन्ही हात दुमडून ठेवले की मी शिवणयंत्राच्या पेटीएवढा दिसतो. मित्रांनो, आजवर मी शेकडो सिनेमे पडद्यावर टाकले. पण तुम्हाला मी एकाच सिनेमाविषयी सांगणार आहे, कारण त्याचे जे झाले ते माझ्या हातून झाले.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. मुंबईत आल्यावर दहा वर्षे मी एका कंपनीत कामगारांना अपघात कसे टाळावेत याचे माहितीपट दाखवत असे. मग मला श्यामकांतने विकत घेतले. श्यामकांत मालाडला राहायचा, गोरेगावच्या एका कारखान्यात नकाशे काढायचा. त्याला वेड होते ते विचित्र सिनेमांचे. ज्यांच्यासारखा दुसरा सिनेमा कुठेच सापडणार नाही, असे सिनेमे. तो त्यांना ‘एकांडे सिनेमे’ म्हणे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी सोसायटीच्या हॉलच्या खिडक्यांना काळ्या चादरी लावून तो माझ्यावर असे सिनेमे दाखवी. तीस-चाळीस माणसे येत. खेळ संपला की श्यामकांत माझी काच मऊ फडक्याने पुसून ठेवी. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस होते.

या सगळ्यांत त्याचा सर्वांत आवडता सिनेमा त्याच्या मित्राने काढलेला होता. हा मित्र म्हणजे खाडीपलीकडच्या गोराई गावचा युस्टेस. अंधेरीच्या एका स्टुडिओत तो कॅमेऱ्याचा मदतनीस होता. उरलेल्यासुरलेल्या फिल्मवर त्याने आपल्याच गावात पंचवीस मिनिटांचा एक सिनेमा केला होता. त्यात कोणी बोलत नाही. गावातले लोक घरांची दारे काढून पाठीवर घेतात, ओहोटीच्या वेळी खाडीत उतरतात आणि चिखलात ती दारे एकेक करून उभी करतात. मग एक बाई येते आणि प्रत्येक दारावर थाप मारत पुढे जाते. मागून भरतीचे पाणी चढत असते. ती बाई म्हणजे युस्टेसची बायको, मार्सेलिना. सिनेमा झाल्यावर वर्षभरातच ती काविळीने गेली. मूळ निगेटिव्ह पुराच्या पाण्यात भिजून चिकटले. जगात त्या सिनेमाची एकच प्रत उरली.

श्यामकांतने तो एकदाच, युस्टेसच्या घरी पाहिला होता. त्या संध्याकाळी घरी परतल्यावर तो स्वतःच्या दाराबाहेर कितीतरी वेळ उभा राहिला. थाप मारायला त्याचा हात उचलेना. शेवटी त्याच्या बायकोला, प्रेमाला, चाहूल लागली आणि तिने दार उघडले.

तो सिनेमा आपल्या हॉलमध्ये दाखवावा म्हणून श्यामकांत दोन वर्षे युस्टेसच्या मागे लागला होता. १९८४च्या फेब्रुवारीत युस्टेस एकदाचा हो म्हणाला.

आणि त्याच आठवड्यात माझ्या पोटातून आवाज येऊ लागला. माझ्या आत नखासारखा एक पोलादी तुकडा आहे. फिल्मच्या कडेच्या भोकांत अडकून तो एकेक चित्र दिव्यासमोर ओढून आणतो. ते नख झिजले होते. प्रेमाच्या कानावर तो आवाज पडला आणि तिने श्यामकांतला मेकॅनिककडे जायला सांगितले. अंधेरीच्या सहदेवने मला उघडून पाहिले.

“आठ दिवस ठेवून जा माझ्याकडे,” तो म्हणाला. “तोवर याच्यावर काही लावू नका. फिल्म खाईल हा.”

खेळ चार दिवसांवर होता. पुढे ढकलला तर युस्टेसचे मन फिरेल, अशी श्यामकांतला धास्ती होती. दुसरा प्रोजेक्टर शोधायचेही त्याच्या मनात आले, पण त्याने शोधला नाही. सोमवारी आणून देतो, असे सांगून तो मला परत घेऊन गेला. मित्रांनो, मला बोलता आले असते तर मी त्याच क्षणी बोललो असतो.

रविवारी युस्टेस डबा छातीशी धरून आला. खाडी ओलांडताना होडीतही त्याने तो खाली ठेवला नव्हता. तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. चादरी ओढल्या गेल्या आणि मी सुरू झालो.

वीस मिनिटे सगळे ठीक चालले. हॉलमध्ये कोणी खोकतही नव्हते. मग चित्र एकदा थरथरले. श्यामकांतचे बोट स्विचवर गेले आणि तिथेच थांबले. थोडाच भाग उरला होता. मार्सेलिना शेवटच्या दाराशी आली. तिने थाप मारली नाही. ती मागे वळली आणि तिने थेट लोकांकडे पाहिले.

तिथेच माझे नख सुटले. फिल्म दिव्यासमोर अडकली. पडद्यावर मार्सेलिनाचा चेहरा स्थिर झाला. लोकांना वाटले, सिनेमाच असा आहे. मग तिच्या कानाजवळ एक तपकिरी डाग उमटला आणि गालावर पसरू लागला. मागच्या रांगेत कोणीतरी हलकेच ‘झकास’ म्हणाले.

युस्टेस ओरडला नाही. “श्याम, दिवा बंद कर,” तो म्हणाला. “ती जळतेय.”

श्यामकांतने दिवा विझवला, पण तोवर वरून येणारी फिल्म माझ्या आत कोंबली जाऊन चुरगळली होती. चादरी बाजूला झाल्या. ऊन आत आले. युस्टेस जमिनीवर बसून तुकडे रुमालात गोळा करत होता. सगळे वेचून झाल्यावर त्याने वर पाहिले.

“तुला ठाऊक होतं?”

श्यामकांतला खोटे बोलता आले असते.

“हो,” तो म्हणाला.

युस्टेसने डबा उचलला आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी सहदेवकडे गेलो आणि आठ दिवसांत त्याने माझे नख बदलले. मी पुन्हा नव्यासारखा चालू लागलो. पण दोन महिन्यांत खेळ बंद पडले. लोक म्हणाले, घरोघरी व्हिडिओ आला म्हणून. मला खरे कारण ठाऊक आहे. श्यामकांतचे बोट आता स्विचपर्यंत जाईना.

वर्षभराने तो गोराईला जाऊन आला. परतल्यावर माझ्या पेटीवर बसून त्याने प्रेमाला सगळे सांगितले. युस्टेसने त्याला घरात घेतले, चहा दिला. डबा उघडून दाखवला. आतून आंबट, व्हिनेगरसारखा वास येत होता. खाऱ्या दमट हवेत उरलेली फिल्मही आतल्या आत सडू लागली होती. श्यामकांतने परोपरीने विनवले, की लॅबमध्ये देऊन अजूनही नवी प्रत काढता येईल.

युस्टेसने विचारले, “त्यासाठी ती परत मशिनीतून जाणार ना?”

श्यामकांत हो म्हणाला.

“मग नको,” म्हणत युस्टेसने झाकण लावले.

मित्रांनो, त्यानंतर श्यामकांत गोराईला गेला नाही आणि तो डबाही खाडी ओलांडून आला नाही. तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल, जिची दुसरी प्रत नाही. तिला हात लावण्याआधी आपले यंत्र तपासा. जाणत्या माणसाने थांबा म्हटले, तर थांबा. माझे नख बदलून मिळाले. मार्सेलिनाचा चेहरा मिळाला नाही.